सर्व्हर पाडून दाखवणाऱ्या शिकलगार मॅडम

रेहाना शिकलगार मॅडमची आणि माझी पहिली गाठ एका खडखडणाऱ्या एसीने घालून दिली. भोसरीच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून मी तेव्हा कॉम्प्रेसर आणि एसी दुरुस्तीची कामं स्वतःच्या नावावर घ्यायला नुकती सुरुवात केली होती. पिंपरीतल्या एका तंत्रनिकेतनातून बोलावणं आलं. कॉम्प्युटर लॅबमध्ये मॅडमचा तास चालू होता. मी दारातूनच कान दिला आणि सांगून टाकलं, "बेअरिंग गेलंय. बदलावं लागेल."

दुसरं कुणी असतं तर "बदला आणि मोकळे व्हा" म्हणालं असतं. मॅडमनी खडू खाली ठेवला.

"आवाजावरून ओळखलंत?"

"हो मॅडम. आमचा धंदाच कानाचा."

"मग असाच आवाज आणखी कशाकशामुळे येऊ शकतो, तेही सांगा."

त्यांनी सगळा वर्ग एसीखाली उभा केला, ऐकायला लावलं आणि एका विद्यार्थिनीला टेबलावर चढवून वरचं झाकण हाताने दाबायला सांगितलं. हात ठेवला की आवाज बंद, हात काढला की चालू. झाकणाचा स्क्रू ढिला होता, बेअरिंग ठणठणीत. वर्गात हसू फुटलं. मॅडम म्हणाल्या, "हसू नका. यांचा कान बरोबर आहे, निकाल घाईचा आहे. तुमचे तर अजून कानही तयार व्हायचेत."

एका वाक्यात मला शाबासकीही मिळाली आणि कानपिचकीही. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. त्यांच्या कॉलेजच्या हजेरीपटावर माझं नाव कधी नव्हतं, त्यामुळे त्यांना मला नापासही करता आलं नाही.

मॅडमचे वडील पिंपरी कॅम्पात मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं काम, करायचे. जळालेल्या मोटारीची तार उकलताना ते आधी तिच्या मालकाला बसवून विचारायचे, "शेवटची चालली तेव्हा काय करत होतात?" मॅडमनी पुढे टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदीची वर्षं काढली, मग शिकवायला आल्या, पण प्रश्न वडिलांचाच ठेवला. त्यांच्या लॅबमध्ये बिघडलेल्या प्रोग्रॅमला हात लावण्याआधी काय झालं ते शेजारच्याला तोंडाने सांगावं लागतं. सांगता आलं नाही तर कीबोर्डवरून हात खाली. आज चाकणपासून हिंजवडीपर्यंत मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली त्यांची मुलं-मुली मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिणार आहेत. त्यांतले निम्मे तरी या एका नियमाबद्दल लिहितील असा माझा अंदाज आहे. मी मात्र एका सर्व्हरची गोष्ट सांगणार आहे, कारण तिच्यात मॅडम अख्ख्या दिसतात.

एसीवरून मी ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यांच्या दुरुस्तीवर गेलो आणि वजनकाट्यांवरून कंपन्यांच्या गेटवर. आमचं छोटं ऑफिस निघोज्यात आहे. आमचं काम सांगायला सोपं आहे. गाड्यांचे सुटे भाग घेऊन शेकडो ट्रक-टेम्पो एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर येतात. पूर्वी कागदी टोकन असायचं आणि आत कोण आधी जाणार यावरून रोज बाचाबाची. आम्ही ड्रायव्हरच्या मोबाइलवर चालणारं ॲप दिलं. पार्किंगमध्ये आल्यावर बटण दाबायचं, रांगेत नंबर लागतो. नंबर पुढे सरकला की सगळ्यांच्या फोनवर कळतं. या सगळ्यांशी एकाच वेळी बोलत राहणारा आमचा सर्व्हर गेटशेजारच्या खोलीत होता. तो नीट चालायचा. मी छाती पुढे काढून फिरायचो.

मग सणाचा हंगाम आला. दसरा-दिवाळीला गाड्यांना मागणी असते, म्हणून कारखान्याने उत्पादन वाढवलं आणि साप्ताहिक सुट्ट्या रद्द केल्या. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी, शिफ्ट बदलताना, गर्दी ऐन रंगात असताना आमचा सर्व्हर बंद पडला. सगळ्यांचे नंबर गायब. चालू केला, तर दोन दिवसांनी पुन्हा त्याच वेळी पडला. बाहेर हायवेपर्यंत गाड्या, आत उत्पादनाची लाइन थांबायची वेळ. कारखान्याचे लॉजिस्टिक्स प्रमुख कुलकर्णी साहेब स्वभावाने मवाळ माणूस, पण त्या दिवशी शांतपणे म्हणाले, "ढाकणे, दसऱ्याच्या आठवड्यात हे एकदा जरी पडलं, तरी मी टोकनवर जाईन आणि तुमचा बोर्ड उतरवीन. मला पर्याय नाही."

तो कारखाना म्हणजे आमचं जवळजवळ सगळं काम. बोर्ड उतरला असता तर ऑफिसला कुलूप लागलं असतं, आणि बीड-लातूर-सोलापूरहून येऊन पुनावळ्यात, मोशीत बिऱ्हाडं थाटलेली आमची पोरं-पोरी रस्त्यावर आली असती. त्यांत पहिला अमोल. तो आमचा मुख्य प्रोग्रॅमर आणि मॅडमचाच जुना विद्यार्थी. सर्व्हरचा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला. त्याने सगळ्या नोंदी चाळल्या. पडण्याआधीच्या क्षणापर्यंत सगळं आलबेल, कुठे तक्रार नाही. बोलता बोलता माणूस गपकन नाहीसा व्हावा तसं.

मी खोलीत जाऊन कान दिला. पडण्याच्या आधी थोडा वेळ सर्व्हरच्या पोटात हार्ड डिस्क खरखर करायची, एरवी शांत. माझा निकाल तयार होता: डिस्क गेली. नवीन डिस्क मागवणार तेवढ्यात मला लॅबमधलं झाकण आठवलं आणि मी मॅडमना फोन केला.

दुसऱ्या दिवशी त्या निघोज्यात हजर. साठीला आलेल्या बाई, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांत लग्नघरी आल्याचा आनंद. आम्ही सगळे सुतकी चेहऱ्याने बसलेलो आणि या खुर्ची ओढत म्हणतात, "किती छान प्रॉब्लेम आहे. सांगा, सांगा."

मी खरखर सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कान पुन्हा बरोबर. निकाल?"

"डिस्क खराब."

"दुसरं काय असू शकेल?"

त्यांनी अमोलकडे पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "मेमरी भरली असेल. जागा पुरेना म्हणून सिस्टिम सामान डिस्कवर टाकत असेल."

"बरोबर. आणि डिस्कवरही भागेना झालं की?"

अमोलने आमच्या प्रोग्रॅमच्या नोंदी सोडून पहिल्यांदाच खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: मेमरी संपली, म्हणून सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रोग्रॅमला बंद केलं. आमचा प्रोग्रॅम आपणहून मेलाच नव्हता. त्याला वरून मारलं होतं, म्हणून त्याच्या तोंडून शेवटचा शब्दही निघाला नव्हता. खोलीत असा काही गलका झाला की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला.

कुणीतरी लगेच म्हणालं, "मग मेमरी दुप्पट करू, मॅडम."

"गळक्या बादलीचं उलटं झालंय इथे. आत येतंय ते बाहेरच जात नाही. बादली मोठी केलीत तर इतकंच होईल, की ऐन दसऱ्याला भरेल."

मग त्यांनी गेल्या काही महिन्यांचा मेमरीचा आलेख काढायला लावला. तो पडद्यावर आला तेव्हाचं दृश्य मी विसरणार नाही. रेघ दिवसेंदिवस चढत जायची आणि एकदम तळाला. पुन्हा चढण, पुन्हा तळ. करवतीच्या दातांसारखी. मॅडमनी तळावर बोट ठेवलं. "हा कुठला वार?"

"गुरुवार."

"हा?"

"गुरुवार, मॅडम."

महावितरणच्या वीजवाटपाच्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन बुधवारची रात्रपाळी संपली की खोलीचा मेन स्विच पाडायचा आणि शुक्रवारी सकाळी अगरबत्ती ओवाळून चालू करायचा. म्हणजे आमच्या प्रोग्रॅमला दर आठवड्याला नवा जन्म मिळत होता. दुखणं पहिल्या दिवसापासून होतं. गुरुवारची सुट्टी ते झाकत होती. सुट्टी रद्द झाली, गाड्या वाढल्या, आणि ते बाहेर आलं. ज्याला आम्ही आमची हुशारी समजत होतो ती महावितरणच्या वेळापत्रकाची कृपा निघाली. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

तात्पुरता उपाय म्हणून रोज पहाटे सर्व्हर बंद-चालू करायचं ठरलं. "ही डोकेदुखीची गोळी आहे," त्या म्हणाल्या, "औषध नव्हे. दसऱ्याच्या गर्दीला गोळी पुरणार नाही."

आता नेमकं काय साचतंय ते शोधायचं. अमोलने खोट्या गाड्या तयार करणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि ऑफिसमधल्या जादा सर्व्हरवर हजारो गाड्या सोडल्या. सर्व्हर हूं की चूं करेना. पुन्हा सोडल्या. मेमरी चढली आणि शहाण्यासारखी उतरली. अमोलचा चेहरा पडला. मॅडम त्याच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या गाड्या फार सज्जन आहेत रे. येतात, नंबर घेतात, निरोप घेऊन जातात. खरे ड्रायव्हर असे जातात का?"

"नाही मॅडम."

"मग खरेच बोलवा."

इथून पुढचं मी कुणालाही सांगितलं की त्याला खरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तंत्रनिकेतनाच्या या ज्येष्ठ प्राध्यापिका निघोज्याच्या ट्रक पार्किंगमध्ये एका टेम्पोच्या फळीवर उभ्या राहिल्या. समोर थांबलेले ड्रायव्हर. त्यांच्या फोनवर आम्ही चाचणीचं ॲप टाकून दिलेलं.

"दादांनो," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला आज आमचा सर्व्हर पाडायचाय. नंबर लावा आणि मग रोज जे करता तेच करा."

निघोज्याचेच जुने ड्रायव्हर दत्तोबा पुढे झाले. "बाई, आमी रोज काय करतो? नंबर लावला की पत्र्याच्या शेडखाली चा प्यायला जातो. तिथं रेंज न्हाई."

"अगदी तेच करा."

"च्या आयला, चा प्यायचं काम हाय व्हय."

मागून एकाने आवाज दिला, "दत्तोबा, बिल कंपनीच्या नावावर टाका, राव."

"आणि रेंज नसली की काय करता?" मॅडमनी विचारलं.

उस्मानभाई नावाचे ड्रायव्हर म्हणाले, "बाहर येतो मॅडम, ॲप बंद करून परत चालू. नाही लागलं तर फोन बंद करून चालू. वैताग आला तर दोस्ताच्या फोनवरून."

"शाब्बास. हे सगळं करा."

आणि सुरू झालं. माणसं शेडखाली जात होती, बाहेर येत होती, फोन बंद करत होती, एकमेकांना टोमणे मारत होती. "ए, तुझा पडला का?" "न्हाई, तुझंच तोंड बघून पडंल." इकडे लॅपटॉपवर अमोल खोट्या गाड्या सोडून नंबर सरकवत मेमरीची रेघ बघत होता आणि ती चढत होती. उतरतच नव्हती. दत्तोबांचा तिसरा चहा होईतो आमचा चाचणीचा सर्व्हर धाडकन आडवा झाला.

"पडला," अमोल म्हणाला.

स्वतःचा प्रोग्रॅम कोसळल्यावर इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मॅडमनी टाळी दिली त्याला. ड्रायव्हरांनी शिट्ट्या वाजवल्या. उस्मानभाई मला कोपरखळी मारून म्हणाले, "मालिक, तुमचं पडलंय आणि तुम्ही नाचताय?" नाचत होतो खरा. पंधरवडाभर जे फक्त कारखान्याच्या मर्जीने पडायचं ते आज आम्ही ठरवून पाडलं होतं. जे ठरवून पाडता येतं ते दुरुस्त करता येतं, हे मॅडमचं वाक्य मी त्या पार्किंगमध्ये शिकलो.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा आमचा सर्व्हर प्रत्येक फोनसाठी एक लाइन धरून ठेवायचा. ड्रायव्हर शेडखाली गेला, फोन न सांगता गायब झाला, तरी रुमाल तसाच. तो परत आला की नवा रुमाल, जुनाही जागेवर. आणि रांगेत कुणाचाही नंबर सरकला की त्याचा निरोप या प्रत्येक रुमालाच्या नावाने काढून ठेवला जायचा, घेणारा असो वा नसो. शिफ्ट बदलताना नंबर भराभर सरकतात, निरोपांचे ढीगच्या ढीग लागतात, मेमरी संपते, खेळ खलास.

मी अमोलकडे पाहिलं. तो खाली बघत होता. न बोलणाऱ्या फोनची लाइन ठरावीक वेळाने सोडून द्यायची, हे पुस्तकातलं साधं काम. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं. का, ते त्याने मग सांगितलं. टोकनच्या काळात चहाला गेलेल्या एका ड्रायव्हरचा नंबर गेला म्हणून गेटवर हाणामारी झाली होती आणि ती त्याने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून त्याने नियम केला, आपल्याकडून कुणाची लाइन कधी तोडायची नाही.

त्याच दुपारी कुलकर्णी साहेबांसमोर बैठक झाली. त्यांनी सरळ विचारलं, "चूक कुणाची?"

मॅडम म्हणाल्या, "कुणाची ते मी शोधलं नाही. कुठे आहे ते शोधलंय. ती आज दुरुस्त होईल." आणि मग जरा थांबून, "एक सांगते. या मुलाने ड्रायव्हरच्या नंबरची जेवढी काळजी केली तेवढी फार कमी लोक करतात. तो भाग मी काढू देणार नाही."

अमोलला त्या पुढे म्हणाल्या ते मी शब्दशः लक्षात ठेवलंय. "नंबर वेगळा आणि लाइन वेगळी. नंबर जपायचा, लाइन सोडायची." रांगेतली जागा ट्रकच्या नावाने वेगळी लिहून ठेवली. सर्व्हर दर थोड्या वेळाने फोनला विचारू लागला, आहात का? सलग उत्तर आलं नाही की लाइन बंद, तिच्या नावाचा ढीग रिकामा. आणि ढीग मुळात होऊच नये म्हणून एका फोनसाठी फक्त ताजा निरोप ठेवायचा. ड्रायव्हरला आत्ताचा नंबर हवा असतो, सकाळपासूनचे सगळे नकोत. तीन बदल, पण मॅडमनी एका वेळी एकच करायला लावला आणि प्रत्येकानंतर पार्किंगमधल्या मंडळींना पुन्हा शेडखाली पिटाळलं. तिसऱ्या बदलानंतर दत्तोबा कंटाळून आले. "बाई, लई झालं. पडंना आता. पोटात चा डुचमळतोय." मॅडम म्हणाल्या, "दादा, तुमच्या तोंडात साखर पडो." "साखर नगं बाई, आधीच सहा चा झालेत."

मला त्यांनी एक वेगळंच काम दिलं. मी दहावीपर्यंत शिकलेला. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की मी अमोलला हाक मारायचो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सिस्टिमच्या नोंदी मोठ्याने वाचायला लावल्या. मी अडखळलो की म्हणायच्या, "वाचा हो. ती मशीनची तक्रार आहे. कुणाची तक्रार ऐकताना तुम्ही आधी व्याकरण बघता का?" हसत हसत मी वाचायला शिकलो. आज आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या नोंदी सकाळी पहिल्यांदा मी वाचतो.

दसऱ्याच्या आठवड्यात सुट्टी नव्हतीच. मॅडमच्या सांगण्यावरून पहाटेचं बंद-चालू करणंही आम्ही थांबवलं. गोळी घेत राहिलात तर ताप उतरला की नाही कळणार कसं, हा त्यांचा हिशेब. शेवटच्या दुपारी मी गेटशेजारच्या खोलीत उभा होतो. बाहेर तळवडे फाट्यापर्यंत गाड्या. भोंगा झाला, एक शिफ्ट सुटली, दुसरी आत शिरली, नंबर भराभर सरकू लागले. मी डिस्कच्या दिशेने कान लावला. काही नाही. नुसता पंख्याचा आवाज. पडद्यावरची रेघ थोडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. गर्दी ओसरली तरी रेघ तशीच. अमोल शेजारी उभा होता. त्याने हळूच टेबलाच्या लाकडाला हात लावला, न जाणो दृष्ट लागेल.

मॅडमना फोन लावला. त्या तासावर होत्या. संध्याकाळी त्यांचाच आला.

"पडला नाही मॅडम."

आनंदाने काही म्हणतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "गाड्या आल्या होत्या ना पण?"

"आल्या होत्या. रस्ता जाम झाला होता."

"मग ठीक. अमोलला आज लवकर घरी पाठवा."

कुलकर्णी साहेबांचा त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात आला, तो दुसऱ्या गेटवरही ॲप लावाल का, एवढं विचारायला. सर्व्हरचा विषयही निघाला नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा सत्कार नसतो. त्या दिवाळीला आमच्या ऑफिसातल्या एकाच्याही घरातला आकाशकंदील उतरवावा लागला नाही, एकाही बिऱ्हाडाला सामान बांधून गावची गाडी धरावी लागली नाही. अमोलला मुलगी झाली आणि ती पुनावळ्यातल्या त्याच घरात रांगायला लागली. हे ज्यांच्यामुळे झालं त्या बाईंनी यातलं काहीही स्वतःच्या नावावर मांडलेलं नाही. विचारलंत तर सांगतील, ड्रायव्हरांनी पाडला आणि अमोलने उभा केला.

मॅडम, तुमची साठी झाली असं हा ग्रंथ म्हणतो. पार्किंगमधल्या फळीवर तुम्हाला चढताना पाहिलेल्या माणसाचा त्यावर विश्वास बसत नाही. तुमची प्रकृती खणखणीत राहो, गुडघे तुमचं ऐकत राहोत आणि उत्सुकता तुमचं अजिबात न ऐको. परवरदिगार म्हणा, पांडुरंग म्हणा, जो कुणी वर बसून आपल्या लाइनी सांभाळतो, त्याच्याकडे आम्हा सगळ्यांचं एकच मागणं आहे. आमच्याकडे जेव्हा जेव्हा काही कोसळेल, तेव्हा तेव्हा खुर्ची ओढून "किती छान प्रॉब्लेम आहे" म्हणायला तुम्ही समोर असा. आणि आमच्याकडे कोसळायला अजून पुष्कळ वर्षं पुष्कळ काही आहे.

महादेव ढाकणे, निघोजे